डॉ. जेम्स नेस्मिथ : बास्केटबॉलचा प्रवर्तक, शिक्षक व प्रशिक्षक – एक परिचयात्मक अभ्यास (महाराष्ट्रातील क्रीडापरंपरेच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

आज जगभर खेळल्या जाणाऱ्या बहुतेक खेळांचा जन्म केव्हा व कोठे झाला हे निश्चितपणे सांगता येत नाही. कुस्ती, हुतूतू, विटीदांडू यांसारखे खेळ लोकजीवनातून हळूहळू विकसित होत गेले. त्यांना जन्मतारीख नाही आणि कर्ताही नाही. बास्केटबॉल हा याला ठळक अपवाद आहे. या खेळाची जन्मतारीख, जन्मस्थळ, पहिले नियम आणि प्रवर्तक या चारही गोष्टी इतिहासाला ज्ञात आहेत. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, हा खेळ एका महाविद्यालयात, एका शिक्षकाने, वर्गातील एक अडचण सोडविण्यासाठी तयार केला. तो शिक्षक म्हणजे डॉ. जेम्स नेस्मिथ होय.

नेस्मिथ यांचे नाव शारीरिक शिक्षणाच्या पाठ्यपुस्तकांत एका ओळीत येते व तेथेच संपते. पुढे ते प्रशिक्षक झाले, त्यांच्या संघाने जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेले सामने अधिक होते, आणि तरीही आधुनिक बास्केटबॉल प्रशिक्षणाची परंपरा त्यांच्यापासूनच सुरू होते, हे सहसा सांगितले जात नाही. प्रस्तुत लेखात नेस्मिथ यांच्या जीवनकार्याचा परिचय करून देऊन, त्यांचा खेळ भारतात व महाराष्ट्रात कसा पोहोचला आणि आपल्या महाविद्यालयीन शारीरिक शिक्षणाला त्यांच्या कार्यातून कोणता बोध घेता येईल, याचा विचार केला आहे.

बालपण व शिक्षण :

जेम्स नेस्मिथ यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात, अल्मोंट या गावाजवळ, स्कॉटलंडहून आलेल्या कुटुंबात झाला. १८७० मध्ये विषमज्वराने त्यांचे आई-वडील दोघेही दगावले. त्यानंतर आजी व मामा यांनी त्यांचा सांभाळ केला. शेतीची व जंगलतोडीची कष्टाची कामे करीतच ते वाढले. माध्यमिक शिक्षण मध्येच सोडून त्यांनी काही वर्षे लाकूडतोडीच्या छावणीत मजुरी केली व नंतर पुन्हा शाळेत परतून शिक्षण पूर्ण केले.

गावातील मुले त्या काळी एक खेळ खेळत असत. मोठ्या खडकावर एक दगड ठेवायचा आणि दुरून आपापला दगड फेकून तो खाली पाडायचा. आपल्याकडील लगोरीशी या खेळाचे दुरून साम्य आहे. या खेळात जोराने सरळ फेकलेला दगड नेम चुकल्यास फार लांब जाई व तो परत आणताना खेळाडू बाद होण्याचा धोका असे. उलट, कमान करून हळुवार फेकलेला दगड जवळच पडे. हा बालपणीचा अनुभव पुढे नेस्मिथ यांना अनपेक्षितपणे उपयोगी पडणार होता.

माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठातून पदवी घेतल्यानंतर त्यांनी धर्मोपदेशक होण्यासाठी तेथील प्रेस्बिटेरियन महाविद्यालयात धर्मशास्त्राचा अभ्यास केला. याच काळात ते रग्बी व लॅक्रॉस हे खेळ उत्तम खेळत. धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याने मैदानावर धक्काबुक्की करावी, हे त्यांच्या सहाध्यायांना व वडीलधाऱ्यांना रुचत नसे. परंतु प्रवचनाइतकाच खेळही तरुणांच्या चारित्र्यावर परिणाम करू शकतो, अशी नेस्मिथ यांची धारणा होत गेली. त्यामुळे १८९० मध्ये ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे वाय.एम.सी.ए. संस्थेच्या प्रशिक्षण महाविद्यालयात दाखल झाले व पुढील वर्षी तेथेच शिक्षक झाले.

एका वर्गाची समस्या व तिचे उत्तर :

स्प्रिंगफील्डच्या हिवाळ्यात मैदाने बर्फाखाली जात. शरद ऋतूतील फुटबॉल व वसंतातील बेसबॉल यांच्यामधल्या काळात विद्यार्थ्यांना व्यायामशाळेत कवायत व साधनांवरील व्यायाम करावा लागे. १८९१ च्या हिवाळ्यात अठरा विद्यार्थ्यांचा एक वर्ग या व्यायामाला इतका कंटाळला की, दोन शिक्षकांना तो आवरता आला नाही. विभागप्रमुख डॉ. ल्यूथर गुलिक यांनी हा वर्ग नेस्मिथ यांच्याकडे सोपविला आणि बंद जागेत खेळता येईल असा नवा खेळ शोधून काढण्यासाठी त्यांना चौदा दिवसांची मुदत दिली.

नेस्मिथ यांनी प्रथम फुटबॉल, सॉकर व लॅक्रॉस हेच खेळ थोडेफार बदलून सभागृहात खेळवून पाहिले. खेळाडूंना इजा होऊ लागल्या व प्रयोग फसला. मुदत संपत आली तेव्हा त्यांनी खेळांचे तर्कशुद्ध विश्लेषण करण्यास सुरुवात केली. त्यांच्या विचाराचे टप्पे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

१) लहान चेंडूच्या खेळाला बॅट किंवा काठी लागते व साधने वाढली की खेळ शिकण्यास कठीण होतो. म्हणून चेंडू मोठा, हलका व हातांनी हाताळता येण्याजोगा असावा.

२) मैदानी खेळातील दांडगाई प्रतिस्पर्ध्याला पाडण्यातून उद्भवते. चेंडू घेऊन धावणाऱ्याला रोखण्यासाठी पाडावे लागते. मग चेंडू घेऊन धावण्यासच मनाई केली तर पाडण्याचे कारणच उरत नाही.

३) उभ्या गोलात चेंडू जितक्या जोराने मारावा तितका फायदा होतो. परंतु गोलाचे तोंड आडवे, आकाशाकडे ठेवले तर जोरापेक्षा नेम महत्त्वाचा ठरतो. येथे बालपणीचा दगडफेकीचा खेळ त्यांच्या मदतीस आला.

४) असा गोल जमिनीलगत ठेवल्यास बचाव करणारे त्याभोवती कडे करून उभे राहतील. म्हणून तो सर्वांच्या डोक्याच्या वर असावा.

५) खेळाची सुरुवात दोन्ही बाजूंना समान संधी देणारी असावी. म्हणून दोन प्रतिस्पर्ध्यांच्या मध्ये चेंडू वर फेकावा.

या विवेचनाचे वैशिष्ट्य असे की, येथे नियम आधी व खेळ नंतर जन्मला. हिंसा रोखण्यासाठी शिक्षा वाढविण्याऐवजी नेस्मिथ यांनी हिंसेचे कारणच रचनेतून काढून टाकले. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने हा विचार आजही मोलाचा आहे.

त्यांनी तेरा नियम लिहून काढले व ते टंकलिखित करवून व्यायामशाळेतील फलकावर लावले. शाळेच्या कर्मचाऱ्याकडे त्यांनी दोन खोकी मागितली होती. खोकी मिळाली नाहीत, म्हणून त्याने पीच फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या सभागृहाच्या सज्जाच्या कठड्याला खिळ्यांनी ठोकल्या. कठड्याची उंची दहा फूट होती, म्हणून आजही जगभर बास्केटबॉलचे कडे जमिनीपासून दहा फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटरवर असते. २१ डिसेंबर १८९१ रोजी नऊ विरुद्ध नऊ असा पहिला सामना झाला व विल्यम चेस या विद्यार्थ्याने केलेल्या एकमेव गोलावर तो निकालात निघाला. खेळाला प्रवर्तकाचे नाव द्यावे अशी सूचना फ्रँक महान या विद्यार्थ्याने केली, ती नेस्मिथ यांनी हसून नाकारली. तेव्हा टोपली आणि चेंडू यांवरून ‘बास्केटबॉल’ हे नाव त्याच विद्यार्थ्याने सुचविले.

खेळाचा विकास :

१५ जानेवारी १८९२ रोजी महाविद्यालयाच्या ‘ट्रँगल’ या पत्रात नियम प्रसिद्ध झाले. ११ मार्च १८९२ रोजी शिक्षक विरुद्ध विद्यार्थी असा पहिला जाहीर सामना झाला व विद्यार्थ्यांनी तो ५–१ असा जिंकला. मुलींनीही हा खेळ लगेच स्वीकारला. स्मिथ महाविद्यालयाच्या शिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी तो मुलींसाठी नियम बदलून रुजविला. पुढे १८९४ मध्ये नेस्मिथ यांच्याशी विवाहबद्ध झालेल्या मॉड शर्मन यांनीही स्प्रिंगफील्ड येथील मुलींच्या सुरुवातीच्या एका सामन्यात भाग घेतला होता.

मूळ तेरा नियमांत चेंडू आपटत पुढे नेण्याची, म्हणजे ड्रिब्लिंगची तरतूद नव्हती. चेंडू जेथे हाती आला तेथूनच तो दुसऱ्याकडे टाकावा लागे. कोंडीत सापडलेल्या खेळाडूंनी चेंडू जमिनीवर टाकून पुन्हा स्वतःच पकडण्याची युक्ती शोधली आणि तिचेच पुढे कौशल्यात रूपांतर झाले. सज्जात बसलेले प्रेक्षक चेंडूला हात लावीत, म्हणून टोपलीमागे फळी आली. संघात पाच खेळाडू ही संख्या १८९७ च्या सुमारास स्थिर झाली. प्रत्येक गोलानंतर मध्यभागी चेंडू उडविण्याची पद्धत मात्र १९३७ पर्यंत टिकून होती. ती रद्द करणे नेस्मिथ यांना पसंत नव्हते. परंतु खेळ आता प्रवर्तकाच्या हाती राहिला नव्हता.

कॅन्सस विद्यापीठातील कार्य :

१८९५ मध्ये नेस्मिथ डेन्व्हर येथे गेले. तेथे वाय.एम.सी.ए.चे काम सांभाळून त्यांनी वैद्यकशास्त्राचे शिक्षण घेतले व १८९८ मध्ये ते डॉक्टर झाले. त्याच वर्षी कॅन्सस विद्यापीठात प्रार्थनामंदिराचे संचालक व शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक म्हणून त्यांची नियुक्ती झाली. १९३७ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तेथेच होते.

१८९८ ते १९०७ या काळात त्यांनी विद्यापीठाच्या संघाला मार्गदर्शन केले. या संघाने पहिला सामना फेब्रुवारी १८९९ मध्ये कॅन्सस सिटीच्या वाय.एम.सी.ए. संघाविरुद्ध खेळला व तो १६–५ असा गमावला. नेस्मिथ यांच्या कारकिर्दीत संघाने ५५ सामने जिंकले व ६० गमावले. कॅन्ससच्या बास्केटबॉल इतिहासात विजयांपेक्षा पराभव अधिक असलेले ते एकमेव प्रशिक्षक होत, आणि खेळाचे प्रवर्तकही तेच होत.

या विरोधाभासाचे स्पष्टीकरण त्यांच्या दृष्टिकोनात सापडते. खेळ हा खेळण्यासाठी असतो, त्यात प्रशिक्षकाने काठावरून चाली रचाव्यात हे त्यांना फारसे मान्य नव्हते. सामन्यांत ते अनेकदा स्वतः पंच म्हणून उभे राहत. शरीरसंवर्धनासाठी कुस्ती व जिम्नॅस्टिक्स यांना ते बास्केटबॉलपेक्षाही अधिक महत्त्व देत. महाराष्ट्रातील तालमींच्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला हे मत विशेष जवळचे वाटेल.

त्यांचा विद्यार्थी फॉरेस्ट ॲलन हा मात्र वेगळ्या विचारांचा होता. प्रशिक्षण हे शास्त्र आहे असे तो मानी. त्याने कॅन्ससच्या संघाला ५९० विजय मिळवून दिले. ॲलनच्या हाताखाली खेळलेले ॲडॉल्फ रप व डीन स्मिथ हे पुढे अमेरिकेतील अग्रगण्य प्रशिक्षक झाले. म्हणजेच, स्वतः हरलेल्या शिक्षकापासून विजेत्या प्रशिक्षकांची तीन पिढ्यांची परंपरा निर्माण झाली.

जॉन मॅक्लेंडन व वर्णभेदाचा प्रश्न :

नेस्मिथ यांच्या जीवनातील एका प्रसंगाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. १९३३ मध्ये जॉन मॅक्लेंडन हा कृष्णवर्णीय विद्यार्थी शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासासाठी कॅन्सस विद्यापीठात आला. त्या वेळी तेथील संघात कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश नव्हता. नेस्मिथ हे मॅक्लेंडनचे मार्गदर्शक झाले व विद्यापीठातील भेदभावाला तोंड देताना त्यांनी त्याची बाजू घेतली. तथापि संघाचे दार त्याच्यासाठी उघडले नाही. बास्केटबॉलच्या प्रवर्तकाकडून बास्केटबॉल शिकलेला विद्यार्थी त्याच विद्यापीठाच्या संघातून खेळू शकला नाही, ही वस्तुस्थिती आहे.

मॅक्लेंडन पुढे प्रशिक्षक झाले. १९४४ मध्ये उत्तर कॅरोलिनात त्यांच्या कृष्णवर्णीय महाविद्यालयीन संघाने ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या गोऱ्या संघाविरुद्ध, बंद दाराआड व गुप्तपणे, सामना खेळून जिंकला, कारण असा सामना उघडपणे खेळणे तेथे अशक्य होते. १९५७ ते १९५९ अशी सलग तीन वर्षे त्यांच्या टेनेसीच्या संघाने राष्ट्रीय स्तरावरील स्पर्धा जिंकली. खेळाचे नियम सर्वांना समान असले तरी मैदानाचे प्रवेशद्वार सर्वांना समान असतेच असे नाही. पाणवठा व मंदिर यांच्या प्रवेशासाठी संघर्ष पाहिलेल्या महाराष्ट्राला हे सत्य वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

बर्लिन १९३६ :

१९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉलचा प्रथमच अधिकृत समावेश झाला. अमेरिकेतील प्रशिक्षकांनी निधी जमवून पंचाहत्तरीला आलेल्या नेस्मिथ यांना तेथे पाठविले. सामने उघड्या मैदानावर झाले. अंतिम सामन्याच्या दिवशी, १४ ऑगस्टला, पावसाने मैदानाचा चिखल झाला. चेंडू आपटणेच अशक्य झाले आणि अमेरिकेने कॅनडाचा १९–८ असा पराभव केला. बर्फापासून बचाव करण्यासाठी छताखाली जन्मलेला खेळ ऑलिम्पिकमध्ये पावसात खेळला गेला! विजेत्यांना पदके नेस्मिथ यांच्या हस्ते देण्यात आली.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या घटनेला आणखी एक बाजू आहे. याच ऑलिम्पिकच्या निमित्ताने अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिनला गेले होते व त्याने कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगासमोर सादर केली. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी स्थापन केलेली ही संस्थाही शिक्षणातून खेळ उभा करणारीच होती. एका महाविद्यालयाच्या व्यायामशाळेत जन्मलेला खेळ व वऱ्हाडातील एका व्यायामसंस्थेने जपलेला खेळ हे दोन्ही त्या ऑगस्टमध्ये एकाच नगरीत होते. पहिल्याला ऑलिम्पिकची मान्यता मिळाली, तर दुसऱ्याला आशियाई क्रीडास्पर्धेत स्थान मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले.

२८ नोव्हेंबर १९३९ रोजी नेस्मिथ यांचे निधन झाले. बास्केटबॉलच्या उत्पत्तीविषयीचे त्यांचे पुस्तक १९४१ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झाले. आपल्या शोधातून त्यांनी संपत्ती मिळविली नाही. त्यांच्या तेरा नियमांची मूळ प्रत मात्र डिसेंबर २०१० मध्ये झालेल्या लिलावात त्रेचाळीस लाख डॉलरला विकली गेली.

भारतात व महाराष्ट्रात आगमन :

स्प्रिंगफील्डच्या त्या पहिल्या वर्गातील डंकन पॅटन हा कॅनेडियन विद्यार्थी १८९४ मध्ये भारतात आला व त्याच्याबरोबर हा खेळही आला, असे मानले जाते. परंतु खेळ संस्थात्मक रीतीने रुजला तो मद्रासमध्ये. स्प्रिंगफील्डचेच पदवीधर हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये तेथे वाय.एम.सी.ए. शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले. तेथून बाहेर पडलेल्या शिक्षकांनी हा खेळ देशभरातील शाळा-महाविद्यालयांत नेला. या परंपरेतील पी. एम. जोसेफ हे १९३८ मध्ये मुंबईजवळ कांदिवली येथे स्थापन झालेल्या सरकारी शारीरिक शिक्षण संस्थेचे प्राचार्य होते व १९५७ मध्ये ग्वाल्हेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ मध्ये दिल्ली येथे झाली, तर भारतीय बास्केटबॉल महासंघ १९५० मध्ये स्थापन झाला.

मुंबईत या खेळाचे माहेरघर ठरला तो नागपाडा. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२० च्या दशकात या दाट वस्तीत नागपाडा नेबरहूड हाऊस हे समाजकेंद्र उभारले. त्याच परिसरात १९३६ मध्ये त्यांच्याच संचालकत्वाखाली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले. तेच आजचे टाटा समाजविज्ञान संस्थान होय. अरुंद गल्ल्यांच्या या कामगार वस्तीत मोठी मैदाने नव्हती. लहान पक्क्या अंगणावर खेळता येणारा बास्केटबॉल तेथील मुलांनी आपलासा केला. याच नागपाड्यातून अब्बास मुंतसिर यांच्यासारखा भारतीय संघाचा कर्णधार घडला. त्यांना १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. तेथील खेळाडूंना घडविणाऱ्या बच्चू खान यांचे नाव आज त्या परिसरातील मैदानाला आहे.

ग्रामीण महाविद्यालयांच्या संदर्भात विचार :

सिल्लोडसारख्या तालुक्याच्या ठिकाणी या चरित्राचा उपयोग काय, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. पहिली गोष्ट जागेची. बास्केटबॉलचे प्रमाणित मैदान २८ × १५ मीटर, म्हणजे ४२० चौरस मीटर असते. प्रौढ गटाच्या खो-खोचे मैदान २७ × १६ मीटर, म्हणजे ४३२ चौरस मीटर असते. जे महाविद्यालय खो-खोला जागा देऊ शकते, त्याला बास्केटबॉलसाठी जागा नाही असे म्हणता येणार नाही. अडचण आहे ती पृष्ठभागाची. आपल्याकडील काळी जमीन पावसाळ्यात चिकट होते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर चेंडू सारखा उसळत नाही. त्यामुळे एक पक्के मैदान हाच या खेळाचा मुख्य खर्च ठरतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. नेस्मिथ यांच्यासमोर बर्फाची जी अडचण होती, तीच आपल्यासमोर पाऊस व ऊन यांच्या रूपाने आहे. जून ते सप्टेंबर मैदान ओले असते, तर एप्रिलनंतर दुपारी ते तापते. या काळात शारीरिक शिक्षणाचा तास बहुधा रिकामा जातो. अशा वेळी बाहेरून तयार खेळ आणण्यापेक्षा, उपलब्ध जागा, साधने व विद्यार्थी यांचा विचार करून खेळाची रचना बदलणे हे शिक्षकाचे काम आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास खो-खोला नियमबद्ध केले, तेही याच जातीचे बौद्धिक काम होते. त्या खेळाची पहिली विश्वचषक स्पर्धा जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाली, तेव्हा भारताच्या दोन्ही विजेत्या संघांचे कर्णधारपद महाराष्ट्राच्या प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे यांच्याकडे होते. नियम लिहिणाऱ्याचे श्रम किती दूरवर फळतात, याचे हे उदाहरण होय.

तिसरी गोष्ट मूल्यमापनाची. महाविद्यालयाच्या क्रीडाविभागाचे यश आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतील पदकांवरून मोजले जाते. पदकांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. ॲलन यांच्या प्रशिक्षणाने खेळ समृद्धच झाला. परंतु केवळ याच मापाने मोजले असते तर ५५ विजय व ६० पराभव असलेला शिक्षक अयशस्वी ठरला असता. जो विद्यार्थी कधीही संघात निवडला जाणार नाही, त्याच्यासाठी मैदानावर काय आहे, हा प्रश्न नेस्मिथ यांच्या दृष्टीने मूलभूत होता. त्यांचा खेळ निवडक खेळाडूंसाठी जन्मला नव्हता. कंटाळलेल्या, न आवरणाऱ्या अठरा विद्यार्थ्यांच्या अख्ख्या वर्गासाठी तो जन्मला होता.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) बास्केटबॉल हा योगायोगाने सापडलेला खेळ नव्हता. अध्यापनातील एका निश्चित समस्येचे विश्लेषण करून मिळविलेले ते उत्तर होते.

२) नियमांच्या रचनेतूनच दांडगाई कमी करता येते, हे नेस्मिथ यांनी शिक्षेवर भर न देता सिद्ध केले.

३) प्रशिक्षक म्हणून त्यांची आकडेवारी सामान्य असली तरी त्यांच्या शिष्यपरंपरेने खेळाला शास्त्राचे रूप दिले, तर मॅक्लेंडन यांच्या जीवनाने समान नियमांइतकीच समान प्रवेशाची गरज दाखवून दिली.

४) भारतात व महाराष्ट्रात हा खेळ प्रामुख्याने शिक्षणसंस्था व समाजकेंद्रे यांच्यामार्फत पसरला. नागपाड्याचे उदाहरण अल्प जागेतही क्रीडासंस्कृती उभी राहू शकते हे दर्शविते.

५) ग्रामीण महाविद्यालयातील शारीरिक शिक्षण संचालकाची भूमिका संघनिवडीपुरती मर्यादित न ठेवता, सर्व विद्यार्थ्यांसाठी ऋतुमान व उपलब्ध साधने यांनुसार खेळांची रचना करणारा अध्यापक अशी मानली जावी. त्या कामासाठी त्याला वेळापत्रकात तास व महाविद्यालयात एक पक्के मैदान मिळाले पाहिजे. नेस्मिथ यांना चौदा दिवस, एक सभागृह व दोन टोपल्या मिळाल्या होत्या.